दहा पौंडांचे शाकारलेले घर

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यात, ककमिअर नदीच्या काठी अल्फ्रिस्टन हे गाव वसले आहे. तेथील सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी गवताने शाकारलेले सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे एक घर उभे आहे. ‘अल्फ्रिस्टन क्लर्जी हाउस’ या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने १८९६ मध्ये अवघ्या १० पौंडांना विकत घेतली. संस्थेने मिळविलेली ही पहिली इमारत होय.

ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि कुडाच्या भिंती अशी या घराची बांधणी आहे. मधला दिवाणखाना थेट आढ्यापर्यंत मोकळा असून त्याच्या दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या आहेत. अशा घरांत पूर्वी धुराडे नसे. जमिनीवरच चूल पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. येथील जमीन खडूचा दगड चोपून केलेली असून ती आंबट दुधाने सारवून पक्की केली आहे.

दीर्घकाळ चर्चच्या मालकीचे असलेले हे घर एकोणिसाव्या शतकात मजुरांच्या बिऱ्हाडांकडे गेले. पुढे ते इतके मोडकळीस आले, की पाडून टाकण्याचा विचार झाला. गावचे धर्मगुरू एफ. डब्ल्यू. बेनन यांनी मात्र त्याच्या रक्षणासाठी धडपड केली. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक, ऑक्टेव्हिया हिल यांनी दुरुस्तीच्या निधीसाठी आवाहन केले. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुरक्षण संस्थेचे वास्तुविशारद आल्फ्रेड पॉवेल यांनी हे काम पाहिले. जुन्या वास्तूला नवे रूप देऊ नये, केवळ आवश्यक तेवढी डागडुजी करावी, असा या संस्थेचा आग्रह होता.

दिवाणखान्यातील तुळईवर ओकचे पान कोरलेले आहे. ट्रस्टचे सुप्रसिद्ध बोधचिन्ह त्यावरूनच सुचले, असे सांगितले जाते.

गवताचे छप्पर कायमचे टिकत नाही. ठरावीक वर्षांनी ते पुन्हा शाकारावे लागते. त्यामुळे घर विकत घेतल्याने जबाबदारी संपत नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावी लागते. राजवाडे आणि किल्ले यांच्याप्रमाणेच सामान्य माणसाचे घरही राष्ट्राचा ठेवा असू शकते, हे या दहा पौंडांच्या व्यवहाराने दाखवून दिले.