खांदेरीचे बत्तीवाले

आमच्या बाबूजींकडे सहा गॅसबत्त्या होत्या. दवनीवाड्यात आणि आजूबाजूच्या पाच-सात गावांत लग्न असो, तेरवी असो, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली दंडार असो, बत्त्या आमच्याच घरून जात. भाडं कधी पैशात मिळे, कधी पायलीभर धानात. मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून बत्त्यांच्या मागे असे. दंडार, म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, पहाटेपर्यंत चाले. तास-दीड तासाने उजेड पिवळा पडू लागला की बाबूजी नुसते माझ्याकडे बघत. बत्ती खाली उतरवायची, हवा मारायची, पिन फिरवून घ्यायची आणि पुन्हा बल्लीला टांगायची. सगळं गाव नाचणाऱ्यांकडे बघे. आम्ही बापलेक बत्तीकडे बघत बसायचो. त्यामुळे आयुष्यभर दंडारी ऐकूनही मला त्यातली एकही गोष्ट धड सांगता येत नाही.

हे आधी सांगायचं कारण, पुढे जे लिहिणार आहे ते समुद्राबद्दल आहे आणि समुद्राशी आमचा काही संबंध नाही. आमची वैनगंगा. तलाव आणि बोड्या. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत उभं राहणारं पाणी, तेवढंच आमचं पाणी. पण धाकटी मुलगी दिली अलिबागेजवळच्या थळला, जावई तिथल्या खताच्या कारखान्यात. थळ हे नाव तोवर मला युरियाच्या पोत्यामुळे माहीत होतं. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तिथून पुढे लाँच. पहिल्याच संध्याकाळी जावयाने किनाऱ्यावर नेलं. अंधार पडला तशी समोर पाण्यात एक बत्ती लागली. लागली, विझली, थांबली, पुन्हा लागली. मी विचारलं, ते काय आहे? शेजारी जाळं विणत बसलेला कोळी म्हणाला, "खांदेरीची बत्ती."

तो दीपगृह म्हणाला नाही, लाइटहाऊसही म्हणाला नाही. आमच्या घरातलाच शब्द त्याने वापरला.

त्यानंतर गेल्या आठ-दहा वर्षांत थळला जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा त्या बेटाची माहिती गोळा करत आलो. परवानगी काढून एकदा बेटावरही जाऊन आलो. गंमत अशी की खांदेरीचा इतिहास उजेडाने सुरू होत नाही, अंधाराने सुरू होतो.

ऑगस्ट १६७९. शिवाजी महाराजांच्या हुकुमावरून मायनाक भंडारी माणसं, दगड आणि थोड्या तोफा घेऊन या ओसाड बेटावर उतरला आणि तट बांधू लागला. बेट थळच्या किनाऱ्यापासून जवळ आहे, पण त्याचं खरं तोंड मुंबईकडे. मुंबई बंदरात शिरणारं जहाज तिथून दिसतं. जंजिऱ्याच्या सिद्दीची गलबतं मुंबईच्या आश्रयाला जात, त्यांच्यावरही नजर राहते. इंग्रजांना हे कळायला वेळ लागला नाही. सप्टेंबरात त्यांनी वेढा घातला. थॉर्प नावाचा लेफ्टनंट बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांची पन्नासेक गलबतं चालून आली. इंग्रजांचं डव्ह नावाचं जहाज मराठ्यांनी पकडलं. त्यांची बाकीची लहान गलबतं पांगली. एकटं रिव्हेंज तेवढं टिकून लढलं आणि मराठ्यांना त्याने मागे रेटलं. त्या दिवसाचा निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला म्हणायला हरकत नाही.

पण रात्री इंग्रजांच्या नव्हत्या. त्यांची जहाजं मोठी, खोल बुडाची, वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांचे मचवे अरुंद, उथळ, वल्ह्यांवर चालणारे. वारा पडलेल्या रात्री ते किनाऱ्याने सरकत खांदेरीला लागत, धान्य, दारूगोळा आणि माणसं उतरवत आणि उजाडायच्या आत परत जात. त्या नावांवर दिवा असणं शक्यच नव्हतं. विडी शिलगावली तरी जीव गेला असता. शेवटी जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. तोवर सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं होतं. त्यापुढे ही दोन बेटं बरीच वर्षं एकमेकांवर तोफा डागत राहिली. इंग्रजांनी त्यांची नावं हेनरी आणि केनरी अशी करून टाकली. वाचणाऱ्याला वाटावं, दोघे भाऊ आहेत.

पुढे खांदेरी कान्होजी आंग्र्यांकडे आली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून आरमार घेऊन तिच्यावर आला आणि हात हलवत परत गेला. तो गेल्यावर बरोब्बर शंभर वर्षांनी, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा बेट न लढता इंग्रजांच्या हाती पडलं. आता त्यांना तिथे तोफांची गरज नव्हती.

मग बत्ती का? याचं उत्तर शोधताना मला माझाच मुलूख सापडला. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं. अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस अडला, तसा वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये तो भाव कोसळला आणि मुंबईचे शेठ बुडाले, पण कापूस पिकायचा थांबला नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली होती. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला येऊन थांबली. त्याच १८६७ साली खांदेरीच्या टेकडीवर अष्टकोनी मनोरा उभा राहिला आणि त्यावर दिवा लागला. एका टोकाला आमच्या बाजूचा माल गाडीत चढत होता, दुसऱ्या टोकाला तो नेणाऱ्या जहाजाला वाट दाखवायची होती. दोन वर्षांनी सुएझ कालवा उघडला आणि मुंबईच्या तोंडाशी जहाजांची दाटी झाली. १८७५ मध्ये कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकावर ऑर्मिस्टनने प्राँग्जचं दीपगृह बांधलं. ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येतं, म्हणून तिथल्या बत्तीवाल्यांचं खांदेरीवाल्यांना जरा हसू येई, असं मला एकाने सांगितलं.

हा सांगणारा स्वतः बत्तीवाला. कोकणपट्टीच्या तीन दीपगृहांवर नोकरी करून निवृत्त झालेला, थळजवळच राहणारा. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. पहिल्या भेटीत ते माझ्याशी मोजकंच बोलले. वर्षाला असे दहा लोक येतात, फोटो काढतात आणि जातात, असं त्यांचं म्हणणं. मग मी विचारलं, "पूर्वीच्या बर्नरला पिन मारायला लागायची का?" त्यांनी मान वर केली. पुढचे दोन तास आम्ही उठलो नाही.

झालं होतं असं की बेटावरून आल्यावर मी दीपगृहांच्या दिव्यांबद्दल वाचत होतो. सुरुवातीला साधे वातीचे दिवे असत. १७९६ मध्ये मद्रासच्या किल्ल्यातलं दीपगृह सुरू झालं तेव्हा त्यात खोबरेल तेल जळे. १८२३ मध्ये फ्रान्सच्या फ्रेनेलने काचेच्या पट्ट्यांचं भिंग दीपगृहात बसवलं आणि लहानशा ज्योतीचा उजेड कित्येक कोसांवर फेकता येऊ लागला. पण ज्योत वातीचीच होती. १९०१ मध्ये आर्थर किट्सनने ती बदलली. रॉकेलवर हवेचा दाब द्यायचा, तापलेल्या नळीत त्याची वाफ करायची आणि ती वाफ जाळीखाली पेटवायची. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. ही तर आमची गॅसबत्ती! बर्लिनच्या ग्रेट्झ कारखान्याची पेट्रोमॅक्स त्यानंतर काही वर्षांनी आली. दंडारीत बल्लीला टांगलेली बत्ती आणि समुद्रातल्या मनोऱ्यावरची बत्ती एकाच घराण्यातल्या होत्या.

तिची जाळी, म्हणजे आमच्या भाषेतलं मेंटल, ऑस्ट्रियाच्या आऊअरने काढलेलं. कापडाची पिशवी थोरियम आणि किंचित सेरियमच्या क्षारात बुडवायची. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि पांढऱ्या राखेचा सांगाडा उरतो. उजेड देतो तो हा सांगाडा. थोरियम लागतं तर ते येतं कुठून? १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं आणि केरळ-कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरची वाळू जगाच्या बाजारात गेली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे १९५५ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, थोरियमचा कारखाना निघाला. मेंटलवाल्यांना लागणारा क्षार तिथे बने. म्हणजे खारं पाणी मी उतारवयात पाहिलं असेन, समुद्राची वाळू मात्र लहानपणापासून फुंकत होतो. अक्षरशः फुंकत होतो. फुटलेलं मेंटल बोटांनी झटकायचं आणि राख फुंकून टाकायची. थोरियम किरणोत्सारी असतं, हे तेव्हा बाबूजींनाही कुणी सांगितलं नव्हतं.

तर पिन. ते म्हणाले, "लागायची तर! काजळी धरायची. वाफेची नळी चोंदली की ज्योत घरघरते. झोपेतसुद्धा ऐकू येते." मला हे कळलं. लग्नमांडवाच्या कोपऱ्यात पेंगताना माझेही कान बत्तीकडेच असत. बरी चाललेली बत्ती सूं करते, बिघडलेली भस्स करते.

जुन्या लोकांकडून ऐकलेलं त्यांनी पुष्कळ सांगितलं. रात्रीच्या पाळ्या वाटलेल्या असत. वजनावर चालणारं घड्याळासारखं यंत्र भिंग फिरवी. वजन मनोऱ्याच्या पोटात हळूहळू खाली उतरे आणि तळाला टेकायच्या आत बत्तीवाल्याने हँडल मारून ते वर चढवायचं. मोठ्या दीपगृहांत ते टनावारी वजनाचं भिंग पाऱ्यावर तरंगत असे, बोटाने ढकललं तरी फिरे. आणि फिरणं अचूकच हवं. कारण प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, तीच त्याची ओळख. खलाशी सेकंद मोजून ठरवतो की हे खांदेरी की आणखी कुठलं. यंत्र मंद झालं तर बत्ती जळत असूनही खोटं बोलते. दिवस उजाडला की भिंगावर पडदे ओढायचे. भिंगातून उजेड जसा बाहेर जातो तसं ऊन आतही येतं, आणि एका ठिकाणी गोळा झालं तर आग लावतं. पडद्याआड बसून काच पुसायची. रात्री जागायचं आणि दिवसा पुसायचं, अशी नोकरी.

"पावसाळ्यात?" मी विचारलं.

"जूनला नाव बंद. मग आपण आणि वेताळ."

खांदेरीवर वेताळाचं ठाणं आहे. मोठी शिळा, तिला पांढरा रंग. कोळ्यांचा देव. होळीच्या सुमारास बोटी सजवून लोक नवस फेडायला येतात. बत्तीवाला कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा असो, बेटावर रुजू झाल्यावर पहिला नारळ वेताळाला. सरकारी हुकुमात हे कुठेच लिहिलेलं नाही. तिथेच एक दगड आहे, दुसऱ्या दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजतो. मीही ठोकून पाहिला. आमच्या घरच्या पितळी गुंडीसारखा आवाज आला. तोफा अजून आहेत. तीन तर चाकांच्या गाड्यांसकट. गंज चढलेल्या. माझ्या नातवाला त्यांच्यावर बसायचं होतं, मी बसू दिलं नाही.

मी बत्तीवाल्यांना रामदास बोटीचं विचारलं. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट सकाळी वादळात काशाच्या खडकापाशी उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. दोन-दोन दीपगृहं असलेल्या पाण्यात. ते म्हणाले, "बत्ती रात्रीची असते. ते सकाळी बुडाले." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी विषय काढायला नको होता.

कागदोपत्री बाकीचं सगळं नीट झालेलं आहे. १९२७ मध्ये दीपगृहांचा कायदा झाला आणि बत्ती केंद्र सरकारच्या खात्याकडे गेली. २०२१ मध्ये तो जाऊन नवा कायदा आला. त्याच्या नावात दीपगृह हा शब्दही उरला नाही, सागरी दिशादर्शन साधनं आली. बेटाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं, पण थळचे कोळी अजून खांदेरीच म्हणतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे. बातमी वाचून मी बत्तीवाल्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "चांगलं झालं. जेट्टी दुरुस्त करतील."

रॉकेल गेलं, मेंटल गेलं. विजेचे दिवे आले, पुढे सौर पॅनल आणि एलईडी. अंधार पडला की दिवा आपला आपण लागतो. जहाजांकडे उपग्रहाची यंत्रं आहेत. दीपगृह अजून बघतात ते बहुतेक लहान मच्छीमार, असं जावई म्हणतो. आमच्याकडेही तेच झालं. जनरेटर आला, भाड्याने ट्यूबलाइट मिळू लागल्या. बाबूजींच्या हयातीतच चार बत्त्या भंगारात गेल्या. उरलेल्या दोनपैकी एक चालते.

मागच्या खेपेला ती बत्ती मी गोंदियाहून पोत्यात गुंडाळून थळला नेली. बायको म्हणाली, "का जी, याड लागलं का?" मेंटल मिळवायला नागपूर पालथं घालावं लागलं. बत्तीवाल्यांच्या अंगणात बसून स्पिरिट ओतलं, तापवलं, हवा मारली. पहिल्यांदा भडका उडाला, तसे ते घाईने पुढे झाले आणि माझ्या हातातून पंप घेतला. "जास्त मारली तुम्ही. सरका." त्यांनी हवा सोडली, पिन फिरवली, पुन्हा हळूहळू मारली. मेंटल पांढरं झालं. सूं आवाज सुरू झाला. समोर खांदेरीची बत्ती लागली होती, पण दोघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही. आम्ही हातातल्या बत्तीकडे बघत बसलो. तास-दीड तासाने उजेड जरा पिवळा पडला, तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.