तराजू कुणाच्या हातात?

एखाद्या संशोधकाने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि इतर अभ्यासकांनी त्यांचा किती वेळा आधार घेतला, यावरून त्याची प्रतिष्ठा ठरते. हा आकडा तटस्थ असतो, असे आपल्याला सांगितले जाते. पण मित्रहो, कोणतेही माप आकाशातून पडत नाही. ते कुणी आणि कशासाठी घडवले, हे तपासावेच लागते.

अमेरिकेत १८७३ साली फ्रँक शेपर्ड यांनी वकिलांसाठी एक सूची सुरू केली. जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे तिच्यात कळे. त्याच धर्तीवर युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली विज्ञानासाठी संदर्भसूची सुचवली. हेतू साधा होता: अभ्यासकाला संबंधित लेखन सापडावे. त्यातूनच 'इम्पॅक्ट फॅक्टर' जन्मला. नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांना यंदा मिळालेले उल्लेख भागिले त्या लेखांची संख्या. १९७५ पासून हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागले. ग्रंथपालांच्या सोयीचे हे साधन पुढे माणसे तोलायला वापरले गेले.

या सरासरीची गंमत पाहा. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर सुमारे २ होता. २००९ साली तो ४९ च्या पुढे गेला. कारण? जॉर्ज शेल्ड्रिक यांचा २००८ मधला एकच लेख! मग त्या अंकांतील बाकीचे लेख एका वर्षात पंचवीसपट थोर झाले काय?

२००४ साली एल्सेव्हियर या बड्या प्रकाशन कंपनीने 'स्कोपस' ही स्वतःची सूची आणली, २०१६ साली 'साइटस्कोर' हे मापही. नियतकालिके निवडायला स्वतंत्र सल्लागार मंडळ आहे, हे मान्य. तरीही माल विकणारा आणि तराजूचा मालक एकच, हे कसे नाकारणार?

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीला गुणांची पद्धत जोडली आणि इम्पॅक्ट फॅक्टरला जादा गुण दिले. ऊसतोड कामगारांवर मराठीत लिहिलेला, सूचीबाहेरच्या नियतकालिकातला निबंध या हिशेबात कुठे बसतो? ज्याची मोजणीच झाली नाही, त्याला निरुपयोगी ठरवणे हा अन्याय आहे.

२०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेही हेच बजावले: नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाची लायकी ठरवू नका. आपली मागणीही तीच असली पाहिजे. निवड समित्यांनी आधी निबंध वाचावा, आकडा नंतर पाहावा.