टायटलिस्ट: चेंडूचा गाभा आणि जुन्या चेंडूंचा बाजार

टायटलिस्ट हा गोल्फच्या चेंडूंचा नामांकित ब्रँड रबराच्या कारखान्यातून उभा राहिला. फिलिप यंग यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, अकुशनेट गावी रबरावर प्रक्रिया करणारी कंपनी काढली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गोल्फ खेळताना त्यांचा नीट मारलेला चेंडू भरकटला. चेंडूतच खोट असल्याच्या संशयाने त्यांनी त्याचा एक्स-रे काढवला, तेव्हा गाभा मध्यभागी नसल्याचे दिसले, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. गाभा अचूक मध्यावर बसवण्याचे तंत्र साधून १९३५ मध्ये टायटलिस्ट बाजारात आला. एक्स-रे तपासणी हीच त्याची ओळख ठरली.

त्या काळी गाभ्यावर ताणलेला रबरी धागा गुंडाळून वर बलाटा या झाडाच्या चिकापासून केलेले मऊ आवरण चढवत. लोखंडी क्लबची धार चुकीची लागली की आवरणावर चंद्रकोरीसारखी चीर पडे आणि चेंडू निकामी होई. दुसऱ्या महायुद्धात रबराच्या टंचाईमुळे अमेरिकेत नवे चेंडू बनणे थांबले, तेव्हा अशा जुन्या चेंडूंवर नवे आवरण चढवून खेळ चालू राहिला. पुढे सर्लिनसारखी चिवट आवरणे आली. ऑक्टोबर २००० मध्ये टायटलिस्टचा प्रो व्ही-वन व्यावसायिक स्पर्धेत उतरला. घन गाभा आणि युरेथेनचे आवरण असलेल्या या चेंडूने धागा गुंडाळलेले चेंडू लवकरच मागे टाकले.

चेंडू टिकाऊ झाले, पण हरवायचे थांबले नाहीत. नियमानुसार चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम आणि व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो. या मर्यादांच्या जवळपास बनवलेला चेंडू पाण्यात बुडतो. मैदानांतील तळ्यांतून पाणबुडे असे चेंडू काढतात. ते धुऊन, मॉडेल आणि चकाकी, ओरखडे, पेनच्या खुणा पाहून प्रतवारी लावली जाते. काही चेंडूंचा मात्र मूळ रंग काढून नवा रंग चढवतात आणि ब्रँडचे नाव पुन्हा छापतात.

अशा रंगवलेल्या चेंडूंच्या विक्रीवरून टायटलिस्ट बनवणारी अकुशनेट कंपनी आणि नायट्रो हा विक्रेता यांच्यात खटला झाला. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने विक्रीला तात्पुरती मनाई करण्यास खालच्या न्यायालयाने दिलेला नकार कायम ठेवला. जुनी वस्तू नव्यासारखी नसणार हे ग्राहकाला ठाऊक असते, आणि चेंडू वापरलेला व दुरुस्त केलेला असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते, हे मुद्दे त्यात महत्त्वाचे ठरले.

किती दिवस चेंडू पाण्यात होता, हे वरून कळत नाही. नवा रंग तर झिजेच्या खुणाही झाकतो. म्हणून जुना टायटलिस्ट घेताना नुसता धुऊन निवडलेला, मूळ रंगाचा चेंडू घ्यावा. सरावासाठी खालची प्रतही चालते. स्पर्धेसाठी मात्र नवाच चेंडू योग्य.