सिदीची वाट : शिवडी ते डोंगरी

मुंबई म्हटले की समुद्र आठवतो. टेकड्या सहसा आठवत नाहीत. मलबार हिल श्रीमंतांची म्हणून तेवढी माहीत असते. पण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर शिवडीपासून डोंगरीपर्यंत एकेकाळी टेकड्यांची रांगच होती, आणि १६८९-९० साली या शहराचे भवितव्य त्याच रांगेवर टांगणीला लागले होते. जंजिऱ्याच्या सिदी याकूतखानाने याच वाटेने मुंबई जवळजवळ जिंकली होती.

ही वाट पायी चालून पाहावी असा हट्ट माझ्या एका जुन्या मित्राचा. लालबागला चाळीत वाढलेले, परळच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, पण चालायला लागले की त्यांची पाठच तेवढी दिसते. "भाई, पुस्तकातला इतिहास बसून वाचता येतो. युद्धाचा इतिहास चढल्याशिवाय कळत नाही," हे त्यांचे म्हणणे. जानेवारीतल्या एका रविवारी भल्या पहाटे आम्ही शिवडीहून निघालो.

शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८०च्या सुमारास बंदरावर नजर ठेवण्यासाठी बांधला. टेकडीच्या पायथ्याशी दर्गा आहे. तिथे फातिहा पढून मी वर येईपर्यंत मास्तर तटावर उभे राहून खाडी न्याहाळत होते. खाली चिखलात फ्लेमिंगोंचे थवे, त्यापलीकडे २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. "याकूतखानाची माणसं इथंच उतरली," ते म्हणाले. १६८९च्या फेब्रुवारीतली ती गोष्ट. अलेक्झांडर हॅमिल्टन या इंग्रज कप्तानाने सिदीच्या फौजेचा आकडा वीस ते पंचवीस हजार दिला आहे. तो फुगवलेला वाटतो, पण शिवडीच्या पहाऱ्यावरचे शिपाई एक तोफ डागून पळाले, हेही तोच सांगतो.

सिदी चालून का आला? शाळेच्या पुस्तकांत याचे उत्तर एका ओळीत मिळते आणि त्या ओळीत धर्म असतो. खरे कारण धान्याचे आणि जहाजांचे होते. कंपनीचा मुंबईतला प्रमुख सर जॉन चाइल्ड याने मोगलांशी भांडण उकरून काढले, सुरतेच्या व्यापाऱ्यांची जहाजे पकडली आणि वर सिदीच्या फौजेकडे निघालेला धान्याचा ताफाही अडवला. सिदी मोगलांचा आरमारी सरदार. त्याने जहाजे सोडण्यास सांगितले, मुदत दिली आणि मुदत संपताच तो बेटावर उतरला.

गोलंजीची टेकडी चढून परळकडे उतरताना माझे गुडघे बोलू लागले. परळच्या बारादेवी मंदिरात १९३१ साली सापडलेले प्राचीन शिवशिल्प आहे, म्हणजे इथल्या वस्तीला किमान दीड हजार वर्षे झाली. मास्तर थांबायला तयार नव्हते. लालबागमध्ये त्यांच्या घराखाली उभ्याउभ्या एक चहा, आणि पुन्हा काळाचौकी, घोडपदेव करीत माझगावच्या भंडारवाडा टेकडीचा चढ. पायऱ्यांवर मी दोनदा टेकलो. त्यांनी वरून हाक मारली, "याकूतखानानं अशी विश्रांती घेतली नव्हती!"

भंडारवाड्यावर माझगावचा किल्ला होता. शिबंदी शस्त्रे मागे टाकून पळाली आणि याकूतखानाने इथेच तळ ठोकला. १८८४ मध्ये या टेकडीवर पाण्याचा जलाशय बांधला गेला. आज वर बाग आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी, मुंबईचे महापौर झालेले काका जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव तिला दिले आहे.

इथल्या बाकावर बसून मास्तरांनी जे सांगितले, ते माझ्या मते या सगळ्या वाटचालीचे सार आहे. सिदीला माझगाव परके नव्हते. १६७०च्या दशकात सिदीचे आरमार पावसाळ्यात याच बंदरात मुक्काम करी, आणि इंग्रज ते चालवून घेत. शिवाजी महाराजांना ते सलत असे. १६७९ साली महाराजांनी बंदराच्या तोंडावरचे खांदेरी बेट तटबंद करायला घेतले, तेव्हा इंग्रज आणि सिदी एकत्र येऊन विरोधाला उभे राहिले. त्या वेळी महाराजांच्या आरमाराचे नेतृत्व कोण करीत होता? दौलतखान. बेटावर काम सांभाळत होता मायनाक भंडारी. म्हणजे सिदीही मुसलमान आणि त्याच्याशी झुंजणारा दौलतखानही मुसलमान. दहा वर्षांत इंग्रजांचा दोस्त इंग्रजांचा वैरी झाला, पण कोणाचाही धर्म बदलला नाही. बदलले ते बंदराचे हिशेब.

पुढे सिदीने डोंगरीच्या टेकडीवर तोफा चढवल्या आणि किल्ल्यातल्या इंग्रजांवर मारा केला. वेढा वर्षभरापेक्षा जास्त चालला. इंग्रजांना औरंगजेबाकडे वकील पाठवून माफी मागावी लागली, दीड लाख रुपये दंड भरावा लागला. चाइल्ड १६९०च्या फेब्रुवारीत मरण पावला. जूनमध्ये सिदी माझगावचा किल्ला जाळून निघून गेला.

डोंगरीची ती टेकडी इंग्रज विसरले नाहीत. तिच्यावरून पुन्हा कुणी तोफ डागू नये म्हणून १७६९ मध्ये तिथला किल्ला पाडून टेकडीही सपाट केली आणि फोर्ट जॉर्ज बांधला. त्याच्या भिंतीचा तुकडा सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात उरला आहे. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती, माझे पाय उचलत नव्हते, आणि मास्तर विचारत होते, "आता मलबार हिल?"

१९९२-९३च्या दंगलींनंतर लालबाग आणि डोंगरी या दोन वस्त्यांत नकाशावर न दिसणारी एक सीमा उभी राहिली. त्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना सिदी फक्त 'परका' म्हणून शिकवला जातो, आणि दौलतखान बहुतेकांना शिकवलाच जात नाही. टेकड्या सपाट करता येतात, तसा इतिहासही सपाट करता येतो. मग त्यात 'आपले' आणि 'त्यांचे' एवढेच दोन रंग उरतात. जिथे चढ आहे, तिथे धान्य, जहाजे, दंड, दोस्ती आणि दगाबाजी सगळे वेगवेगळे दिसते. आपल्या मुलांना घेऊन एकदा तरी शिवडीहून माझगावपर्यंत चालावे. थकवा येईल, पण दौलतखानाचे नाव तेवढ्या चढावर त्यांना सांगून होईल.