तप्त खाऱ्या पाण्याची रोधकता

५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्सच्या आल्सास प्रांतात, पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात, आंरी डॉल आणि त्याचे सहकारी एका विहिरीत केबलने विद्युताग्रे सोडत होते. मीटरभर सरकायचे, थांबायचे, मोजमाप घ्यायचे, कागदावर ठिपका मांडायचा. पद्धत फ्रेंच भूभौतिकतज्ज्ञ कोनराड श्लुम्बर्जेची, आणि तिचे सारे बळ एका फरकात होते: तेलातून वीज वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून सहज वाहते. १९४२ मध्ये अमेरिकी अभियंता आर्ची याने हे सूत्रात बसवले. खडकाची रोधकता, म्हणजे विजेला होणारा त्याचा अडथळा, त्यातल्या छिद्रांवर, छिद्रांत पाणी किती आहे यावर आणि त्या पाण्याच्या स्वतःच्या रोधकतेवर ठरते. यातला तिसरा घटक सर्वांत साधा वाटतो, पण पुढे सगळ्यांत जास्त चकवले ते त्यानेच.

तेलविहिरींत तो खरोखर साधा होता. पाणी तापले की पातळ होते, विरघळलेल्या मिठाचे आयन मोकळेपणी सरकतात आणि रोधकता उतरते. आर्प्सच्या १९५३ च्या सूत्रानुसार २५ अंश सेल्सिअसचे खारे पाणी १५० अंशांवर नेले, तर रोधकता जेमतेम पाव हिश्श्याइतकी उरते. ‘जितके गरम, तितके सुवाहक’ हा आडाखा भूऔष्णिक ऊर्जेच्या शोधातही कामाला आला. न्यूझीलंडमध्ये वाइराकेईचे वीजकेंद्र १९५८ साली सुरू झाले आणि पुढच्या दशकात तिथल्या भूभौतिकतज्ज्ञांनी कमी रोधकतेचे पट्टे नकाशावर आखून तप्त क्षेत्रांच्या सीमा काढल्या. ते काम मोलाचे होते. पण त्याच दशकात अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत क्विस्ट आणि मार्शल मिठाचे द्रावण ८०० अंशांपर्यंत, प्रचंड दाबाखाली तापवून पाहत होते. १९८० मध्ये उचोक, एर्शागी आणि ओलहोफ्ट यांनी खास भूऔष्णिक खाऱ्या पाण्यावर मोजमापे प्रसिद्ध केली. चित्र स्पष्ट झाले: रोधकता सुमारे ३०० अंशांपर्यंत उतरते आणि त्यापुढे पुन्हा चढू लागते. तिथे पाणी इतके विरळ होते की आयनांना सुटे ठेवण्याची त्याची ताकद ओसरते. विरुद्ध भारांचे आयन जोडीने बांधले जातात आणि विजेच्या वहनातून बाद होतात.

कोणी म्हणेल, ३०० अंशांपुढच्या विहिरी आहेतच किती? थोड्याच, हे कबूल. पण वक्र तळाला पोहोचण्याआधीच सपाट होत जातो, म्हणून अडीचशे आणि तीनशे अंशांतला फरक पाण्याच्या रोधकतेवरून ओळखणे कठीण, आणि वीजनिर्मितीला नेमका तोच फरक हवा असतो. न्यूझीलंडचे नकाशे बरोबर ठरले, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. मात्र क्षेत्राची सीमा कुठे, हा एक प्रश्न. आत तापमान किती, हा दुसरा. नकाशांनी पहिल्याचे उत्तर दिले. शिवाय ते श्रेय एकट्या पाण्याचे नव्हते. आइसलँडमध्ये नेस्याव्हेट्लिरसारख्या क्षेत्रांत विहिरींतून काढलेले खडक विद्युत-मापनाशी ताडून पाहिले, तेव्हा वीज मुख्यतः स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीतून वाहते असे दिसले. ही माती सुमारे २०० अंशांपर्यंत टिकते; २३०-२४० अंशांपुढे तिची जागा क्लोराइट हे खनिज घेते आणि रोधकता वाढते. तिथे सर्वांत सुवाहक थर हा सर्वांत तप्त थर नव्हे. खरी उष्णता त्याच्या खालच्या, जास्त रोधक खडकात असते. त्यातही क्लोराइट एकदा तयार झाला की खडक निवला तरी तसाच राहतो. अशा ठिकाणी रोधकतेचा आलेख आजचे नव्हे, कधीकाळचे तापमान दाखवतो, आणि आजचे तापमान कळायला विहीर खोदून तापमापक खाली सोडावाच लागतो.