सागरी शिक्षण, नागरिकधर्म आणि मराठी परिभाषा

केजकडील शेतकऱ्याच्या तोंडी 'नांगर' म्हणजे जमीन उकलणारे औत. कोकणातील खलाशाच्या तोंडी त्याच शब्दाचा अर्थ तारवास थोपवून धरणारे लोखंड असा होतो. एकाच भाषेत नांदणाऱ्या या दोन अनुभवांतील अंतर तरुणांच्या सागरी शिक्षणाने कितपत कमी केले, हा प्रश्न विचारणीय आहे.

या शिक्षणाचा आधुनिक प्रघात इंग्लंडातील होय. १९०९ साली बेडन-पॉवेल यांनी बालवीरांचे एक शिबिर नदीतीरी भरविले. त्याच उपक्रमातून सागरी बालवीर पथके उदयास आली. वल्हविणे, गाठी मारणे, निशाणांचे संकेत ओळखणे या कौशल्यांची नागरिकधर्माशी सांगड घातली गेली. ही सांगड वरवरची नव्हे. होडीत एकाचे वल्हे अवेळी पडले की शेजाऱ्याचे अडते. सुकाणूवरील मुलाची आज्ञा थोरामोठ्यांच्या मुलासही पाळावी लागते. कर्तव्याचा पाठ येथे प्रवचनावाचून मिळतो.

भारतात गोकलदास अहुजा यांनी १९३८ साली कराचीस 'सी कॅडेट कोअर' स्थापिले. फाळणीनंतर त्याचे कार्य मुंबईस सुरू झाले. अर्थात त्याचा मुख्य आधार बंदर हाच होता. ही मर्यादा राष्ट्रीय छात्रसेनेने ओलांडली. तिचा कायदा १९४८ च्या एप्रिलमध्ये झाला, तेव्हा केज निजामी अंमलाखाली होते. तो अंमल सप्टेंबरात संपला. १९५२ साली छात्रसेनेस नौदल शाखा जोडली गेली. पुढे समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरातही तिचे पथक उभे राहिले. तात्पर्य, या शिक्षणास समुद्र अनिवार्य नाही, जलाशय पुरतो. तसा जलाशय केज तालुक्यातही, धनेगावच्या मांजरा धरणामुळे, निर्माण झाला आहे.

भूगोलाची अट अशी सैल झाली, तरी भाषेची झाली नाही. नौकानयनाच्या पाठांत इंग्रजी संज्ञाच रूढ राहिल्या. शीड, डोलकाठी, तांडेल, नाखवा ही कोळ्यांची शब्दसंपदा बाहेरच राहिली. त्यामुळे कोळ्याचा मुलगा आपली पिढीजात विद्या परक्या नावांनी नव्याने शिकतो. केजच्या विद्यार्थ्यास 'राज्यकारभाराचे सुकाणू' हा वाक्प्रचार परिचित असतो. पण सुकाणू हाती धरण्याची विद्या त्या भाषेतून त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

येथे भाषाशुद्धीचा आग्रह अभिप्रेत नाही. 'सुकाणू' हा शब्दच अरबी 'सुक्कान'पासून आलेला आहे. मात्र तो वापराने मराठी झाला. नागरिकधर्म सर्वांस शिकवू पाहणाऱ्या शिक्षणाने ज्यांचे ज्ञान घ्यावयाचे, त्यांचे शब्दही घेतले पाहिजेत. एरवी समान नागरिकत्वाचा तो पाठ अपुराच राहील.