आधी वाट, मग पू : मानेवरील एका जन्मजात छिद्राचा इतिहास

१/१०
काही बालकांच्या मानेच्या पुढील बाजूस, गळ्याखालच्या हाडाच्या थोडे वर, जन्मतःच टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. त्यातून अधूनमधून चिकट स्राव झिरपतो. कधी पू होतो, आणि मग घरचे त्याला 'बेंड' समजतात. वैद्यकाला या छिद्राचे कारण १८३२ मध्ये उमगले. ते कसे, याविषयीचा हा धागा.

२/१०
आरंभ सुश्रुतापासून करू. सुश्रुतसंहितेत 'नाडीव्रण' हा स्वतंत्र विकार आहे. पिकलेल्या पुवाकडे दुर्लक्ष झाले की तो आत शिरतो आणि नळीसारखी वाट पाडतो, अशी त्याची उपपत्ती. चिकित्सास्थानाच्या १७व्या अध्यायात सांगितले आहे, की रोगी कृश, दुर्बळ वा भित्रा असेल, किंवा नाडी मर्मस्थानी असेल, तर शस्त्राऐवजी क्षारसूत्र वापरावे.

३/१०
या उपपत्तीतील क्रम ध्यानात ठेवा : आधी पू, मग वाट. चिघळलेल्या जखमेस तो अचूक लागू पडतो. जन्मजात छिद्रात मात्र क्रम उलटा असतो : आधी वाट, मग पू. पुढचा सारा इतिहास हा क्रम ओळखण्याचा आहे.

४/१०
गोंधळ वाढविणारा आणखी एक रोग होता : गंडमाळ, म्हणजे मानेतील गाठींचा क्षय. त्या गाठीही फुटून वाहतात. इंग्लंडमध्ये राजस्पर्शाने हा रोग बरा होतो अशी श्रद्धा होती. पुढे कोशकार म्हणून कीर्ती पावलेल्या सॅम्युएल जॉन्सनला १७१२ मध्ये बालवयात राणी ॲनकडे नेले होते. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतू दाखविले, तोवर क्षय ओळखण्याची खात्रीची कसोटी नव्हती.

५/१०
उलगडा झाला तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर डुकराच्या गर्भात. डान्झिग (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) येथील वैद्य हाइनरिख राटके यांनी १८२५ मध्ये सस्तन प्राण्यांच्या गर्भाच्या मानेवर माशांच्या कल्ल्यांसारख्या खाचा असल्याचे प्रसिद्ध केले.

६/१०
पुढे सातच वर्षांनी, १८३२ मध्ये, बर्लिनचे फर्डिनांड मोरित्स आशरसोन यांनी मानेवरील जन्मजात फिस्टुलांवर लॅटिन प्रबंध लिहिला. गर्भातील खाचा पुरत्या न मिटल्याने ही छिद्रे राहतात, असा दुवा त्यांनी जोडला. 'वाट आधीची आहे' हे प्रथमच स्पष्ट झाले.

७/१०
आजचे ज्ञान असे : गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात मानेवर कमानी व त्यांमधील खाचा दिसतात. दुसरी कमान वाढून खालच्या खाचा झाकते व त्या लोपतात. तसे न झाल्यास नळी उरते. ती मानेतून वर चढते, मोठ्या धमनीच्या दोन फाट्यांमधून जाते आणि टॉन्सिलपाशी पोहोचते. तिला आतून अस्तर असते. म्हणून केवळ पू काढल्याने ती बुजत नाही.

८/१०
नावात मात्र जुनी समजूत टिकून आहे. वैद्यकात या विकारास 'ब्रँकियल' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'कल्ला'. मानवी गर्भाला कल्ले कधीच नसतात. हे मूल 'माशासारखे' नव्हे. गर्भावस्थेतील एक टप्पा पुरा व्हायचा राहिला, इतकेच.

९/१०
बहुतेक फिस्टुला दुसऱ्या खाचेचे असतात; इतर प्रकार विरळा. पहिल्या खाचेचा कानाजवळ वा जबड्याच्या कोनापाशी उघडतो, आणि तेथे चेहऱ्याची नस जवळ असते. आणखी एक प्रकार घशाच्या तळातील खळग्यातून, बहुधा डाव्या बाजूस निघतो व थायरॉईडपाशी वारंवार गळू करतो. त्या गळवांमागे ही आतली वाट असते, हे जपानमधील ताकाई व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखविले.

१०/१०
आता आपल्या भागाकडे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघाले; रेल्वे सोलापूरपर्यंत १८६० मध्ये आली; परळचे वाडिया बाल रुग्णालय १९२९ चे. सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे, मोहोळहून तासाभराच्या वाटेवर. उपचार जवळ आले, तरी जुना क्रम मनातून गेलेला नाही. बेंड म्हणून चिरा दिला जातो, किंवा तपासणीवाचून क्षय गृहीत धरला जातो. प्रत्येक चिऱ्याने व्रण वाढतो आणि पुढे संपूर्ण नळी काढणे अवघड होते. डॉक्टर रोग्याच्या पूर्वकथेला 'हिस्टरी' म्हणतात, म्हणजे इतिहासच. मूल दवाखान्यात न्याल तेव्हा त्या इतिहासातील पहिली ओळ न विसरता सांगा : हे छिद्र जन्मापासून आहे.